गाडीची चौकट

सगुणाची बैलगाडी मिठागरावरून नाहीशी झाली, तेव्हा ती कुणाच्या घशात गेली हे तिला विचारावं लागलं नाही. पण पुरावा कुठून आणायचा? तिचा धाकटा दीर काळुराम माजिवडा गावभर तोंड वर करून सांगत होता, "चोरांनी नेली असंल. बाईमानसाला गाडी सांभालता येते व्हय?"

नवरा गोविंदा पटकीनं गेल्यापासून ठाण्याच्या बंदरावर मीठ पोचवून ती जगत होती. आता बैल नुसते गोठ्यात उभे, आणि तिच्या पोटावर पाय.

तिकडे काळुरामचं नवं घर उठत होतं. मोडक्या गलबताचं सागवान आणलंय म्हणे! एकदा वाटेनं जाताना सगुणा थबकली. रंधा मारलेल्या दाराच्या चौकटीत विड्याच्या पानाएवढा बाभळीचा तुकडा होता. गाडीच्या दांडीला वाळवी लागली तेव्हा गोविंदानं स्वतः कोरून बसवलेला. दाराच्या बिजागऱ्याही चाकांच्या लोखंडी धावा ठोकून केलेल्या. तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण ओरडलं तर मेला चौकट लपवील. बसू दे, ती मनात म्हणाली, चांगली घट्ट बसू दे.

घरभरणीला गाव जेवायला बसलं. सगुणा बोलावण्याशिवाय आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"काळुराम, ही चौकट कशाची?"

"गलबताची. किती वेला सांगू?"

तिनं त्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा तुज्या भावानं बसवलेला. ही माजी गाडी हाय."

काळुराम हसला. "बरं, हाय! भावाची गाडी. माजा वाटा नाय तिच्यात?"

पंगत जेवतच राहिली. गाव नेहमीच जेवणाच्या बाजूनं असतं.

"घे ना वाटा," सगुणा म्हणाली. "कल्यानच्या बाजारातून तुज्या भावाचं मढं ह्याच गाडीतून आनलेलं."

घास हातातच राहिले. मढं वाहिलेलं लाकूड घराच्या दाराला लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सगळे त्याच दारातून आत आले होते.

"खोटं!" काळुराम ओरडला. "तो तं होडीनं आलेला!"

म्हातारी आवडाबाई पानावरून उठली. "होडी नव्हती रं. गाडीनंच आनला. आमी सगली होतो. तूच नव्हतास."

पंगत उठली. वाढलेला भात तसाच राहिला.

सकाळी काळुरामनं चौकट स्वतःच्या हातांनी उपटली. ते लाकूड गावात कुणी चुलीतही घालीना. सगुणा मात्र सुताराला घेऊन आली. गाडीला कसला विटाळ? तिनं मढं वाहिलं, ती मीठही वाहील.

दांड्या उचलल्या जात असताना काळुराम दातओठ खात म्हणाला, "वयनी, पयलेच का नाय सांगितलंस?"

"त्याला आनला तवा गाडी तुज्याच दारात थांबवलेली. हाका मारल्या," सगुणा म्हणाली. "दार उघडलं असतंस, तं दिसली असती."