आपल्याच चिखलातली फुलं

आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिममध्ये जमीन घेतली की पाणी फुकट मिळतं. माझ्या सासऱ्यांनी आमच्या घरामागचा दलदलीचा तुकडा कोरडा करण्यात उभं आयुष्य घातलं. दगडी चर काढले, पाणी ओढ्याला लावलं, आणि चार काड्या गवत उगवलं तेव्हा ते वारले. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फिंटनने, ते चर एका शनिवारात बुजवून टाकले. कशासाठी? तर आईला फुलं हवीत म्हणून!

फुलं म्हणजे मे-फुलं. दलदलीत उगवतात, लोण्यासारखी पिवळीधमक. मे महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर टाकायची, म्हणजे घरातल्या दूधलोण्याची बरकत कोणी पळवत नाही. त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या रानातली फुलं तोडली, तर त्याची बरकत तोडणाऱ्याच्या घरी जाते. त्यामुळे जो तो आपापला ओढा राखत बसतो. पाद्रीबाबा याला अंधश्रद्धा म्हणतात, आणि सगळ्यात जास्त पिवळं त्यांच्याच उंबऱ्यावर असतं.

माझ्या सासूबाई, कन्सेप्टा, मैलभर वर जुन्या घरात एकट्या राहायच्या. एका हिवाळ्यात जिन्यावरून पडल्या आणि सकाळी टपालवाला येईपर्यंत गार फरशीवर पडून होत्या. फिंटन म्हणाला, "आई, आता आमच्याकडे चल."

"ज्या उंबऱ्यावर घरच्या चिखलातलं मे-फूल पडत नाही, तिथे मी राहायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथे मी चहासुद्धा पीत नाही."

ही शुद्ध थाप होती. माझा चहा त्या वर्षानुवर्षं पीत होत्या, आणि गावभर नावं ठेवत होत्या.

फिंटनने आधी शहरातून एक रोप आणलं. दुहेरी पाकळ्यांचं, गुबगुबीत. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हे फूल आहे की पाद्रीणबाईची टोपी?"

"अगं आई, पाद्र्यांना बायका नसतात."

"म्हणूनच टोपी इथे पडलीये."

मग त्याने सासूबाईंच्याच ओढ्यातलं बी आणलं. हे बी ताजंच पेरावं लागतं, वाळलं की रुसतं. आमच्या जुन्या न्हाणीच्या टबात पाणी, पाण्यात मातीचे ट्रे, आणि ट्रेंवर वाकलेला माझा नवरा. पहिल्या वर्षी शर्टाच्या बटणाएवढी पानं आली, ती गोगलगाईंनी निम्मी खाल्ली. उरलेली त्याने चिखलात लावली. दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं. लग्नानंतर त्याने माझ्याकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. मी चिखलाचे मोजे धुतले आणि तोंड चालू ठेवलं.

तिसऱ्या वर्षी कळ्या आल्या, पण वसंत गारठलेला. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी त्या तशाच हिरव्या, घट्ट मिटलेल्या. फिंटन त्यांच्याजवळ गुडघाभर चिखलात उभा होता. "अजून एक हिवाळा ती एकटी काढू शकणार नाही, ब्रीज," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना. आणि खरं सांगते, म्हातारी मरायला मलाही नको होती. मग मी भांडले कोणाशी असते?

मी सायकल काढली, मैलभर चढ चढले आणि जिथली जुनी रोपं कधीच उमलली होती, त्या सासूबाईंच्या ओढ्यात उतरून टोपली भरली. त्यांची बरकत जाईल हे मनात आलं, पण त्यांच्याकडे गाय होती कुठे? खिडकीचा पडदा हलला. वारा असेल असं म्हणत मी सटकले. उंबऱ्यावर फुलं पसरली आणि फिंटनला म्हटलं, "पलीकडच्या कोपऱ्यातली उमलली होती, तू पाहिलीच नाहीस." माझा नवरा भोळा आहे. तो रडला.

सकाळी दारात टपालवाल्याची गाडी थांबली. आतून सासूबाई उतरल्या. एका हातात बोचकं, दुसऱ्या काखेत कोंबडी.

"फिंटन, ही कोंबडी धर. ब्रीज, तू इकडे ये."

फिंटन कोंबडी घेऊन मागे गेला. सासूबाईंनी काठीने एक फूल उलथलं.

"माझ्या ओढ्यातलं आहे."

"आई, मी..."

"माझी बरकत चोरलीस. आता ती ज्या घरात, त्या घरात मी. टपालवाल्यालाही तेच सांगितलंय. पोरावर ओझं व्हायला गेली, असं कोणी म्हणायला नको."

मी दारातून बाजूला सरले. असं माझ्या हातून क्वचितच होतं.

उंबरा ओलांडून त्या चुलीजवळच्या खुर्चीत बसल्या. माझ्या खुर्चीत.

"तीन वर्षं खिडकीत बसून होते," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, या बयेच्या डोक्यात चोरी शिरते तरी कधी! आता चहा टाक. आणि या वेळी जरा रंग येऊ दे त्याला."