दांडा आणि कडी

यझ्दमध्ये थापा मारणारे पुष्कळ आहेत, पण हशमतोल्लाइतका मन लावून थापा मारणारा गेल्या दोन पिढ्यांत झाला नाही. पाहुण्यांना जुनं शहर हिंडवून दाखवणं हा त्याचा धंदा. वारा पकडायच्या मनोऱ्याला तो पदरची दोन तोंडं लावून द्यायचा, पाण्याच्या टाक्यात एखादा सरदार बुडवायचा, आणि उन्हाने लाल झालेली माणसं आ वासून ऐकत राहायची. "अहो, सगळं शहरच मातीचं," तो म्हणे. "नुसतं खरं सांगायचं म्हटलं तर माती, माती आणि माती. थोडा मीठमसाला मी घालतो, बिघडलं काय?"

त्याचा सगळ्यात खपणारा माल म्हणजे फहादान मोहल्ल्यातल्या छपराच्या गल्लीतलं एक जुनं दार. दाराला दोन फळ्या. एकीवर लोखंडी दांडा, दुसरीवर नाजूक कडी. टोळी जमली की तो आधी दांडा आपटायचा, मग कडी.

"ऐकलंत? जाड आवाज आला की आतल्यांना कळतं, पुरुष आलाय. बारीक आला की बाई. आता नीट बघा. कडी गंजलीय आणि दांडा कसा लखलखतोय! का? कारण या घरात लग्नाची एक मुलगी आहे."

दांडा लखलखत होता तो हशमतच्याच तळहाताने घासून घासून, पण ते पाहुण्यांना कोण सांगणार? तो पुढे सुरूच. पहिला आला शिंपी. मुलगी दाराआडून म्हणाली, तुझा एक पाय आखूड आहे, आधी तो शिवून घे. मग आला उंटवाला. तिचा आवाज ऐकून उंट जो वाळवंटात पळाला, तो अजून पळतोय, आणि मागे मालक. मग काझी आले. ते दारातून आत गेले आणि मनोऱ्यातून बाहेर पडले. एवढं होईपर्यंत हशमत पाण्याच्या टाक्याकडे चालायला लागलेला असे. शेवट तो चालता चालता सांगायचा, म्हणजे हसू पुढच्या वळणापर्यंत पुरायचं.

घर रिकामं आहे अशी त्याची खात्री होती. उंबऱ्याशी वाळू साचलेली, फटींत कोळ्यांची जाळी. आणि या गल्लीतली वीटन् वीट आपल्याला ठाऊक आहे, असा त्याला गर्वही होता.

हा हशमत विधुर होता. टोळीला शेवटी तो मिठाईच्या दुकानात नेई, आणि तिथे गल्ल्यामागे माहरुख नावाची एक बाई डबे बांधत असे. चाळिशीची, उंच, कुणाच्या विनोदाला न हसणारी. एकदा ती डब्याची दोरी आवळत त्याला म्हणाली, "आगा, त्या मनोऱ्याला परवा सहा तोंडं होती. आज आठ झाली. पिल्लं घालतो का तो?" हशमत तिथेच गारद झाला. त्या दिवसापासून डॉक्टरने गोड बंद केलेलं असतानाही तो रोज बदामाचे कुत्ताब विकत घेऊ लागला आणि शेजाऱ्यांची पोरं गलेलठ्ठ झाली.

शेवटी त्याने थोरल्या बहिणीला गाठलं. तिचं नाव बद्री, पण तो तिला आबजी म्हणे. "आबजी, तिच्या घरी मागणी घालायला चल."

"या वयात?" बद्री म्हणाली. "बरं, चल. पण तोंड मी उघडणार. तू उघडलंस की त्यातून उंट बाहेर पडतात."

शुक्रवारी संध्याकाळी फुलं आणि मिठाईचा डबा घेऊन ती दोघं निघाली. डबा अर्थातच माहरुखच्याच हातचा बांधलेला. होकार असेल तर डबा तिथेच फुटतो आणि सगळ्यांची तोंडं गोड होतात. नसेल तर तसाच परत येतो. पत्ता मोहल्ल्यामागच्या मोटाररस्त्याचा होता. तिथलं हिरवं पत्र्याचं फाटक माहरुखने उघडलं आणि अंगणातून त्यांना बैठकीत नेलं.

बैठकीत तिची आई बसली होती, तूबा खानुम. डोळे बहुतेक गेलेले, पण कान कोल्ह्याचे. हशमतने छातीवर हात ठेवून सलाम केला, तब्येत विचारली. म्हातारीने मान त्याच्याकडे वळवली, आणि ती तशीच वळलेली राहिली.

बद्री सुरू झाली. "खानुम, माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण माणूस सोन्यासारखा. जिभेवर खोटं म्हणून नाही!"

हशमतने खाली गालिच्याकडे पाहिलं. माहरुखने चहाचा ट्रे फिरवला. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हललाही असेल. हशमतला तरी तसं वाटलं आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

"आगा," तूबा खानुम म्हणाली, "आमच्या दाराची गोष्ट सांगा ना."

"कुठल्या दाराची, खानुम?"

"आमच्याच. गल्लीकडच्या."

हशमतने खिडकीतून पाहिलं. अंगणापलीकडे एक लांब, काळोखी वाट होती, आणि वाटेच्या टोकाला उजेडाची एक उभी चीर. त्याच्या त्या खपणाऱ्या दाराच्या डाव्या फळीला अगदी तशी चीर होती. ती त्याने आजवर बाहेरून पाहिली होती. त्याने हातातली बशी खाली ठेवली.

"मला ती शेवटापर्यंत कधी ऐकायला मिळाली नाही," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दांडा वाजतो. घरात पुरुषमाणूस नाही, पण दारी आलेल्याला ताटकळत ठेवायचं कसं? मी डोक्यावरून चादर घेते, भिंत धरत धरत जाते. पोचते तोवर तुमचा शिंपी येऊन गेलेला असतो. बाहेर एवढी माणसं, दार तरी कसं उघडू? मग उभी राहते. काझी मनोऱ्यातून पडले की तुमचा आवाज टाक्याकडे निघून जातो."

"मादर, हे काय?" माहरुख म्हणाली. दिवसभर ती दुकानात असायची. तिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

"तेच तर म्हणते, तूही ऐक. सांगा आगा."

हशमतच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण जीभ सवयीची. तिने आपणहून वाट शोधली. "एका घरात... एक फार गुणी मुलगी होती. तिला मागणी घालायला एक शिंपी आला. ती म्हणाली, या, बसा..."

"छे, छे!" म्हातारी म्हणाली. "आखूड पाय राहिला. आणि गुणी कुठली? तुम्ही जहांबाज म्हणता."

बद्री खुदकन हसली. मग तिने भावाचं तोंड पाहिलं, आणि तिचंही हसू गळून पडलं.

मग त्याने सांगितली. शिंपी, उंट, काझी. तो अडखळला की तूबा खानुम पुढचा शब्द हातात द्यायची, शाळेतल्या मुलाला द्यावा तसा. माहरुख ट्रे धरून उभीच होती. गल्लीत याच वाक्यांवर माणसं पोट धरून हसत. इथे एकेक वाक्य गालिच्यावर पडत होतं आणि मेलेल्या पालीसारखं तिथेच राहत होतं.

"आणि मग?" म्हातारीने विचारलं.

"मग कुणी येईना," हशमत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. "म्हणून आता ती... ती स्वतःच बाहेर येते, पुरुषांचा दांडा वाजवते, आणि धावत आत जाऊन विचारते, कोण आलंय?"

तूबा खानुमने मान हलवली. "असा आहे होय शेवट," ती म्हणाली.

माहरुखने ट्रे खाली ठेवला. "म्हणून," ती हळूच म्हणाली. "म्हणून अर्दकानचे ते लोक आले नाहीत."

"कोण अर्दकानचे?" बद्रीने विचारलं.

"मागच्या पानगळीत एक स्थळ आलं होतं. सगळं ठरत आलं होतं. फक्त मोहल्ल्यात चौकशी करतो म्हणाले, रीतीप्रमाणे. चौकशीला आले आणि परस्पर निघून गेले. का, ते मला आजवर कळलं नव्हतं."

आता पाहा, इथे हशमतला गप्प बसता आलं असतं. खोलीतल्या कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. पण त्याला तो माणूस आठवला. टोळीच्या मागे उभा, जाड भुवयांचा, हातात टोपी. सगळे पुढे गेल्यावर तो एकटा थांबला होता आणि त्याने अगदी अदबीने विचारलं होतं, आगा, हे खरं आहे का? आणि हशमतने, का ते देव जाणे, लहर आली म्हणून, वडिलांच्या कबरीच्या मातीची शपथ घेतली होती.

ते त्याने सांगितलं. भुवयांसकट, टोपीसकट आणि शपथेसकट. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एका गोष्टीत काही वाढवलं नाही.

"मातीची शपथ?" बद्री म्हणाली. "बाबांच्या?"

"मी अर्दकानला जातो," हशमत म्हणाला. "उद्याच जातो. त्यांच्या पाया पडतो, सांगतो की—"

"त्या गृहस्थांचं नवरोझला लग्न झालं," माहरुख म्हणाली. मग म्हणाली, "चांगला माणूस होता. मी बोलत असताना ऐकत होता."

"मग गल्लीत सांगतो. घरोघरी जाऊन सांगतो की सगळं खोटं होतं."

"नका. तुम्ही इतकं छान सांगाल की लोक त्याचीही गोष्ट करतील." ती पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघत होती. "माझ्याबद्दल काही बोलू नका. वाईट नको, चांगलंही नको. जमेल?"

त्याने मान हलवली. तिने मिठाईचा डबा उचलला आणि दोन्ही हातांनी, अदबीने, बद्रीच्या मांडीवर ठेवला.

दोघं उठली. हशमत पत्र्याच्या फाटकाकडे वळणार, तोच तूबा खानुमही भिंतीला धरून उठली. "पाहुण्यांना पोचवायला मी येते. आणि मागच्या दाराने कसले जाता? मोठ्या दाराने चला."

"खानुम, तुम्ही नका, मी हात जोडतो, तुम्ही बसा!"

"असं कसं? रीत आहे."

आणि ती निघाली. पुढे ती, मागे तो, त्याच्या मागे डबा छातीशी धरलेली बद्री. वाट अरुंद होती, म्हातारीला ओलांडून जायची सोय नव्हती. ती एक पाऊल टाके, थांबे, श्वास घेई, भिंत चाचपे. भिंतीचा मातीचा गिलावा तिच्या हाताच्या उंचीवर झिजून गुळगुळीत झाला होता, दारापर्यंत एक लांबच लांब चकचकीत पट्टा. हशमतने त्याला बोट लावायला हात पुढे केला आणि पोळल्यासारखा मागे घेतला. मध्ये दोन ठिकाणी पायरी होती. दोन्ही ठिकाणी ती म्हणाली, "जपून, आगा, इथे माणूस पडतो."

तिने अडसर काढायला बराच वेळ घेतला. त्याला मदत करू दिली नाही. दार उघडलं. "खूप बरं वाटलं," ती म्हणाली. "आमचं घर उजळलं. पुन्हा या."

यझ्दमध्ये हे सगळ्यांनाच म्हणतात. पाहुण्याला म्हणतात, वाण्याला म्हणतात, रागावलेल्या जावयालाही म्हणतात. त्यातलं मनापासूनचं किती आणि रीतीचं किती, हे ओळखण्यात हशमतने कधी चूक केली नव्हती. आज त्याने म्हातारीच्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि त्याला काहीही कळलं नाही.

"चल रे," बद्रीने बाही ओढली. "त्या तशाच उभ्या राहतील, आपण दिसेनासे होईपर्यंत."

तिला कुठे दिसत होतं? पण ती उभी राहिली, दार उघडं टाकून, तोंड त्यांच्या पावलांच्या दिशेने धरून. हशमत पाय न वाजवता चालायला बघत होता, आणि मातीच्या त्या गल्लीत त्याचं प्रत्येक पाऊल वाजत होतं.