किशोरचं परमिट

दुपारचे बारा वाजले तेव्हा ज्योत्स्नानं सबस्टेशनच्या खुर्चीवरून उठायला हवं होतं. ठरलंच होतं तसं. अमरावती-अकोल्याची वीज खासगी कंपनीच्या हाती जाऊ द्यायची नाही म्हणून आज बारापासून संप होता; प्रत्येक ऑपरेटरनं चाव्या टेबलावर ठेवायच्या आणि फाटकाबाहेर यायचं. संपाची नोटीस भिंतीवर चिकटवली होती तीही तिनंच. पण बारा वाजून पाच मिनिटं झाली तरी ती बसूनच होती, परमिटची वही मांडीवर धरून.

साडेदहाला किशोर लाइनमन आला होता. शिवारातल्या एका खांबावरचं फुटलेलं इन्सुलेटर बदलायचं होतं. तिनं त्या बाजूला वीज नेणारा फीडर बंद केला, तो चालू-बंद करणाऱ्या ब्रेकरच्या मुठीवर ‘माणूस कामावर आहे’ ही लाल पाटी अडकवली आणि त्याला परमिट दिलं. परमिटचा नियम साधा होता. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. तो स्वतः समोर येऊन सही करत नाही तोवर फीडर चालू होत नसे, मग फोन कुणाचाही येवो.

खिडकीपाशी देवराव आला. संघटनेचा तालुका सचिव. बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यानं तिला काम शिकवलं होतं.

“काहून बसली अजून? समदे वाट पाहून राहिले.”

“किशोरचं परमिट वापस नाही आलं, भाऊ.”

“फोन लाव त्याले.”

“बंद येते.”

देवरावनं दाढीचे खुंट खाजवले. “कंपनीवाल्याइले सांगून दे अन् ये बाहीर.”

“त्याइले किशोर कोन, हे तरी माहीत आहे काय?”

देवराव फाटकाकडे वळला. संपावरच्या नत्थुजीला त्यानं हाक मारली आणि मोटारसायकल घेऊन शिवारात जायला सांगितलं. नत्थुजी निघाला, तसा गर्दीतून कुणीतरी मुद्दाम आवाज चढवला, “बाईले कंपनीची खुर्ची लयच गोड लागली.” हशा झाला. ज्योत्स्नाचे कान तापले. पण ती हलली नाही.

सव्वाबाराला दोन पोलिसांबरोबर कुलदीप आत आला. अकोल्याच्या जठारपेठेतला, डिप्लोमा झालेला पोरगा. गळ्यात खासगी कंपनीचं नवंकोरं ओळखपत्र. संपाच्या काळात सबस्टेशन चालवायला त्याला पाठवलं होतं. नमस्कार करून त्यानं चाव्या मागितल्या. तिनं चाव्या दिल्या, लाल पाटी दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं.

“मॅडम, राग नका मानू,” तो म्हणाला, “पन ही संपाची आयडिया तर नाही ना? साडेबाराले मले वर कळवायचं आहे, एकही फीडर बंद नाही म्हनून.”

“म्हनजे संप फसला म्हनून.”

“मले सांगतलं ते मी करून राहिलो. तीन वर्षं घरी बसून होतो मी.”

“किशोरलेही घर आहे,” ती म्हणाली.

कुलदीप स्टूल ओढून बसला. साडेबारा होऊन गेले. त्याचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा तो “हो सर, हो सर” म्हणाला. तिसऱ्या वेळी बोलून झाल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला.

“झालं मॅडम. तिकडच्या सरपंचानं पाह्यलं. लाइनमन खाली उतरला. सर म्हनतात, फीडर चालू करा.”

“परमिट सरपंचानं घेतलं होतं काय?”

“उतरलेला मानूस पाह्यला ना त्यानं.”

“मी नाही पाह्यला.”

कुलदीप उठला. पाटी काढायला त्यानं हात पुढे केला, तशी ती पॅनलला पाठ लावून उभी राहिली. एक पोलीस म्हणाला, “बाई, बाजूले व्हा.” ती झाली नाही. खिडकीतून बाहेरच्यांना एवढंच दिसलं की संपावरची बाई पॅनलपाशी आहे. “चालू करून राहिली पाहा,” कुणीतरी म्हणालं. घोषणा थांबल्या आणि शिव्या सुरू झाल्या.

तेव्हा देवराव आत आला. संपाच्या वेळी आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यानंच केला होता. खांद्यावरचा झेंडा दाराशी टेकवून तो तिच्या शेजारी उभा राहिला.

“तुमी पन?” कुलदीपनं विचारलं.

“मीच शिकवलं तिले,” देवराव म्हणाला. “आता हटू कसा?”

ट्रान्सफॉर्मरची घरघर तेवढी चालू होती. कुलदीपचा फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही, बंदही केला नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी नत्थुजीच्या मागे बसून किशोर आला. कोपरापर्यंत काळा, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

“मोबाइलची बॅटरी उतरली होती,” तो म्हणाला. “संप लागला ना? मंग तुमी समदे आत काहून?”

“तू मधात खाली उतरला होता काय?” ज्योत्स्नानं विचारलं.

“उतरलो होतो ना. पान्हा गाडीतच राह्यला होता. घेतला अन् पुन्हा चढलो. आता वीस मिनिटं झाले काम होऊन.”

कुलदीप हळूच स्टुलावर बसला.

किशोरनं सही केली. ज्योत्स्नानं वेळ लिहायला पेन टेकवलं, तसा देवराव खाली वाकला. “बारा टाक, पोरी. नाहीतर संपाच्या दिवशी आपलीच बाई कामावर होती म्हनतील. तुलेही काढतील संघटनेतून.”

“बारा टाकलं तर बारानंतर खांबावर कोन होतं, भाऊ?”

तिनं एक वाजून दहा मिनिटं लिहिली. देवरावनं ते वाचलं, झेंडा उचलला आणि तो बाहेर गेला.

ती दाराशी पोचली तेव्हा कुलदीपनं लाल पाटी काढली होती. पण मुठीवर ठेवलेला त्याचा हात तसाच थांबला होता. किशोर समोर उभा होता, तरी त्यानं विचारलं, “भाऊ, तुमीच उतरले ना? वर अजून कोनी नाही ना?”

“एकटाच होतो मी,” किशोर म्हणाला.

फाटकाबाहेर तिला कुणी जागा करून दिली नाही. ती कडेला, किशोरशेजारी उभी राहिली. घोषणा पुन्हा सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात आत ब्रेकर धाडकन बसला, फीडर चालू झाला, आणि ज्योत्स्नानं किशोरचं मनगट घट्ट धरलं.

“आहो मी इथं,” तो म्हणाला.

तरी तिनं बराच वेळ ते सोडलं नाही.