एरिचेला राखलेल्या चपला

आमचे हे, म्हणजे महादेवराव, देवापेक्षा चपलांची काळजी जास्त वाहतात. हिंगणीच्या मारुतीच्या देवळातून एकदा त्यांची कोरी जोडी गेली. तेव्हापासून घरात कायदाच झाला: हे आत दर्शन घेणार, मी बाहेर चपला राखणार. नंतर माझी पाळी येते, पण तोवर यांना घरी जायची घाई झालेली असते. इतकी वर्षं मला देव धावताच भेटला.

आमची लेक काजल इटलीच्या सिसिली बेटावर शिकते. तिनं बोलावलं तेव्हा यांनी एकच विचारलं, तिथून आफ्रिका दिसते का. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आफ्रिका नेमकी यांच्या बाकासमोर होती म्हणे, तेव्हापासूनची ओढ. काजल म्हणाली, डोंगरावर एरिचे नावाचं फार जुनं गाव आहे, हवा साफ असली तर तिथून दिसते. झालं! निघण्याआधी शेजारच्या कैलासभाऊंना सांगून मोकळे, "आफ्रिका पाहून येतो."

एरिचे सुंदरच आहे. सगळं दगडी, गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की आपली बैलगाडी अडकावी. पण एवढ्याशा गावात चर्च किती! आणि आमचे हे प्रत्येक दारात चपला काढून उभे.

"बाबा, इथं कोनी काढत नाई," काजल म्हणाली.

"त्यायचं त्यायले माहीत. देवाच्या दारात आपून आपली रीत सोडाची का?"

रीत आली म्हणजे मीही आलेच. हे आत, मी पायरीवर. एका गोऱ्या बाईनं तर बोटांनी जोडीची किंमत विचारली. विकून टाकावी असं फार वाटलं.

शेवटचं चर्च अगदी कड्याजवळ होतं. सकाळपासून गावावर धुकं बसलेलं. बापलेक आत गेले, मी बसले. शेजारी एक म्हातारी विणत होती. एकाएकी धुकं बाजूला झालं. खाली निळं पाणी, आणि पार टोकाला काजळाचं बोट ओढावं तशी रेघ. म्हातारीनं विणायची सुई तिकडे केली आणि म्हणाली, "आफ्रिका."

मी ताडकन उठले. आत जाऊन हाक मारावी, पण चपला सोडून कशी जाऊ? हसू नका, खरंच हाच विचार आला. शेवटी चपला उचलून दारापर्यंत गेले, तर हातात चपला घेऊन देवाच्या घरात शिरायला पाय उचलेना. हे बाहेर आले तोवर सगळं पुन्हा पांढरं.

"चपला हायेत ना?" यांचा पहिला प्रश्न.

"हायेत," मी म्हटलं. राग आला होता. आणि आता सांगून यांचा जीव कशाला जाळायचा, असंही वाटलं.

आम्ही परतलो तसे कैलासभाऊ हजर. "मंग, आफ्रिका?"

यांना खोटं जमत नाही. "धुकं होतं," म्हणाले.

"धुक्यासाठी इतल्या दूर गेलते? आपल्या बोरच्या जंगलात हिवाळाभर फुकट भेटते."

कैलासभाऊंनी तेवढ्या एका गोष्टीवर दोन कप चहा जिरवला. यांचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना.

"म्या पाह्यली," मी म्हटलं.

"कवा?" हे म्हणाले.

"तुमच्या चपला राखून राह्यली होती तवा."

कैलासभाऊ हसत सुटले. हे हसले नाहीत. कैलासभाऊ गेल्यावर हे हळूच म्हणाले, "कशी दिसते?" मी सांगितलं. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं.

शनिवारी देवळात गेलो. सवयीनं मी पायरीवर बसायला लागले, तर माझ्या आधी हेच बसले.

"तू जाय आधी. चपला मी राखतो. आरामानं येजो."

मी आत गेले. मारुतीच्या एका खांद्यावरचा शेंदूर सुटलाय, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी दिसलं. मनसोक्त बसून बाहेर आले, तर हे माझ्या चपला पायाशी घेऊन, रस्त्यापलीकडच्या तुरीकडे डोळे बारीक करून बघत होते.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई," ते म्हणाले. "म्हटलं, चपला राखनाऱ्यालेच दिसते."