उजव्या पायाचं माप

“भिंतीला हात नाही,” युनूसभाऊ म्हणाले आणि घड्याळावरची नजर न काढता मोजत राहिले. “चौदा. पंधरा.”

बहिरू दवाखान्यामागच्या दगडी पायरीवर डाव्या पायाने चढत होता आणि त्याच पायाने उतरत होता. उजवा पाय गुडघ्यात दुमडून हवेत धरलेला. अठराव्या खेपेला डावा गुडघा लटपटला आणि त्याने दोन्ही पाय टेकले.

“अठरा. बस घटकाभर. मग उजवा.”

“बसायला वेळ न्हाई. मोजा.”

उजवाही अठरालाच थांबला.

“झालं न्हवं सारखं?” बहिरूला धाप लागली होती, तरी उभ्या जागी त्याची चुळबूळ चालूच होती. “आता कागद द्या, भाऊ.”

पाय बरा झाल्याचा हा दाखला मिळाला तर त्याची नोकरी राहणार होती. बहिरू टपालाचा रनर. लोणावळ्याच्या पोस्टातून थैली उचलायची, कुसगावावरून दुधिवऱ्याची खिंड ओलांडायची आणि खाली पवन मावळात गावोगाव टपाल पोचवायचं. आठ वर्षं त्याने हेच केलं. आषाढात खिंड उतरताना शेवाळावरून पाय सटकला आणि डावा गुडघा गेला. तेव्हापासून बदलीवर नवशा जात होता. नवशा म्हणजे बहिरूच्या बायकोचा, चिमाबाईचा, सख्खा भाऊ. उद्या पुण्याहून इन्स्पेक्टर येणार होते. बहिरूचा कागद नसला तर ते नवशाचं नाव कायम करणार होते. परका असता तर बहिरूने त्याला मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. मेहुण्याला शिव्या घातल्या तर घरात भाकरी कोण वाढणार?

चार महिने घरी बसून तो पार चिडका झाला होता. कोंबड्यांवर ओरडायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा, जेवता जेवता उठून खिंडीकडे बघायचा. रनरची घुंगरांची काठी सरकारची, पण तीही त्याने नवशाला दिली नव्हती. घुंगरांना फडकं गुंडाळून तो ती सगळीकडे बरोबर नेत असे. आताही ती दाराशी टेकलेली होती.

युनूसभाऊ लोणावळ्याच्या या दवाखान्यात कंपाउंडर होते. लढाईच्या काळात फौजी इस्पितळात नोकरी केलेली, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ या शब्दांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. बरं वाटतंय तर पायरीवर दाखव, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरही त्यांच्या आकड्यांवर डोळे झाकून सही करत. त्यांनी औषधाच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला खडूने बहिरूचे आकडे लिहिलेले होते. अगदी वर, आषाढातला पहिला आकडा होता. उजवा, एक्केचाळीस.

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“बहिरू, उजव्याला काय झालंय?”

“त्याला काय हुतंय?”

“एक्केचाळीस करणारा पाय अठरावर आला. तोही दुखावला काय?”

बहिरू हसला. चार महिन्यांत पहिल्यांदाच हसला असेल.

“तुमीच म्हनला, दोनी पाय सारखं झालं पायजेत. जोडीतला एक बैल जोरकस आन एक मरतुकडा आसला, तर आमी काय करतो? जोरकसाला रोखून धरतो, न्हाईतर नांगर वाकडा पळतो. म्हैनाभर उजव्याला कामच दिलं न्हाई. आन आज पहाटं खिंड चढताना निम्मी वाट त्याच्यावरच लंगडी घालत आलो. चांगला दमवून आनलाय.”

युनूसभाऊंना आधी हसू आलं, मग राग आला. ते पायरीवरच बसले.

“अरे, धान्य मोजायला अधोली लागते ना? डावा तुझं धान्य, उजवा तुझी अधोली. दुसऱ्या कुणाच्या पायाशी मी तुझा पाय ताडून बघत नाही, तुझ्याच चांगल्या पायाशी बघतो. धान्य वाढवायचं सोडून तू अधोलीच कापून आणलीस.”

बहिरूचं हसू मावळलं. त्याने पायरीकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही पायांकडे. आपण खोटेपणा केला असं त्याला वाटत नव्हतं. महिनाभर एवढी मेहनत घेतली ती सगळी उलटीच घेतली, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“मंग आता?”

“आता अजून दोन महिने.”

“इनिस्पेक्टर उद्या येतोय, भाऊ.” त्याचा आवाज चिरकला. “आठ वरसं पळालोय. मला दुसरं कायबी येत न्हाई. घरात बसून येड लागंल मला. अठराला अठरा हाय, त्यात खोटं काय हाय?”

खिंडीपलीकडे युनूसभाऊंची धाकटी बहीण खतीजा दिलेली होती. तिची पत्रं आठ वर्षं याच माणसाने आणून दिली होती, एकदा तर थैलीत जागा नाही म्हणून पटक्यात खोवून. ते उठले, चरफडत कागदावर आकडे लिहिले आणि पुढच्या खोलीत जाऊन डॉक्टरांची सही घेऊन आले.

“घे. अठराला अठरा. जा.”

बहिरूने कागद डोक्याला लावला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. काठी काखेत मारून तो झपाट्याने निघाला. दवाखान्याच्या पुढच्या बाजूला तीन पायऱ्या होत्या. डावा पाय खालच्या पायरीवर पडला, अंगाचा भार त्याच्यावर आला आणि त्याचा हात आपोआप दाराच्या चौकटीवर गेला.

तो तिथेच थांबला. हात कुणी पाहिला नव्हता. युनूसभाऊ आत बाटल्या विसळत होते.

खिंडीत चौकट नव्हती. आषाढात तिथे तो पडला तेव्हा थैली ओढ्यात गेली होती. फरफटत जाऊन त्याने ती काढली, टपाल चुलीपाशी वाळवलं, नवशाकडून घरोघर पोचतंही केलं. पण खालच्या गावातल्या सरूबाईच्या कार्डावर शाईचा नुसता निळा डाग उरला होता. मुंबईला असलेल्या तिच्या मुलाचं ते कार्ड. त्यानंतर त्याचं एकही पत्र आलं नाही. बहिरू दिसला की सरूबाई अजून ते कार्ड कनवटीतून काढायची आणि विचारायची, “काय लिवलं आसंल रं त्यानं?” कशी तरी मान हलवून तो पुढे जायचा. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने चौकटीवरचा हात काढला, मागे फिरला आणि कागद बाटल्यांशेजारी ठेवला.

“उजवा दमलाय आज,” तो म्हणाला. “आईतवारी येतो. आदी त्यो मोजा.”

“आणि इन्स्पेक्टर?”

“त्यो त्याच्या वाटंनं जाईल.”

पोस्टाच्या ओट्यावर नवशा थैलीचं तोंड बांधत होता. बहिरूला बघून तो गडबडून उठला.

“दाजी, कागद झाला का?”

बहिरू घुंगरांवरच्या फडक्याची गाठ सोडत बसला. चार महिन्यांची गाठ होती, दात लावावे लागले.

“उतारावर आदी काठी टेकायची,” काठी पुढे करत तो म्हणाला. “मंग पाऊल. शेवाळ उजव्या अंगाला आसतंय.”

नवशाने काठी दोन्ही हातांनी घेतली, खांद्यावर थैली टाकली आणि खाली मान घालून चालू लागला. पन्नास पावलांवर तो पळू लागला आणि घुंगरं वाजायला लागली. कुसगावच्या वळणापर्यंत ती ऐकू येत होती. बहिरू वळणाकडे बघत उभा राहिला.

मग त्याने पोस्टाच्या पायरीवर डावा पाय ठेवला, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि चढला.

“एक,” तो म्हणाला.