बुधाजी आप्पांचा होकार

बुधाजी आप्पांना जाऊन दहा दिवस झाले, तरी गावात त्यांचा होकार जिवंत होता. आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजूंकडे तो एकेक होता.

आप्पा गावकीचे जुने पंच. चैत्रात पालखी आधी खालच्या आळीला जाणार की वरच्या, हे त्यांनी सांगितल्याशिवाय उरणच्या खाडीकाठच्या त्या गावात कुणी नारळ फोडत नसे. माणूस हट्टी. दहा गोष्टी विचारा, नवांना ‘न्हाय’. म्हणून तर दहाव्या ‘व्हय’ला वजन. मागच्या भाद्रपदात त्यांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जन्मभराचं बोलणं गेलं. शब्द एकच उरला, आणि तोही नेमका ‘व्हय’.

त्यांची एकुलती मुलगी क्रांती पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिने मेंदूवरची तीन पुस्तकं आणून वाचली आणि अंगणात जमलेल्यांना समजावायला घेतलं. आप्पांचा जन्म मिठागरात गेला होता, म्हणून तिने मिठागराचाच दाखला दिला. भरतीचं पाणी आत घ्यायला उचलायची आणि अडवायला खाली दाबायची ती लाकडी फळी म्हणजे उघाडी. ती सांभाळायचं काम आप्पांनी चाळीस वर्षं केलं होतं.

“मेंदू म्हणजे एकच मोठा खड्डा नाही, काका. वेगवेगळे वाफे आहेत,” ती म्हणाली. “बघायचा वेगळा, चालायचा वेगळा. बोलायचा बहुतेकांचा डाव्या बाजूला. तिथून निघालेले चर पाठीच्या कण्यातून अंगभर जातात. आणि मानेच्या वर ते एकमेकांना ओलांडतात, म्हणून डावीकडे बिघडलं की उजवा हात जातो.”

“मंग ‘व्हय’ कसा ऱ्हायला?” आप्पांचे चुलतभाऊ भागोजी काका खालच्या आळीचे पुढारी होते. खात्री करून घेतल्याशिवाय ते चहाही पीत नसत.

“रोजच्या सवयीचे शब्द दुसऱ्या चराने येतात. व्हय, न्हाय, आकडे, शिव्या. त्यातलं काहीतरी राहतं.”

“शिव्या न्हाय ऱ्हायल्या?”

“त्यांनी कधी दिल्याच नाहीत.”

“बग. वापराय पायजे व्हत्या.”

वरच्या आळीचा पुढारी निकेश. त्याचे चार ट्रेलर बंदरावर चालत, त्यामुळे त्याला यंत्रातलं कळत असे. “दीदी, टेन्शन नको घेऊ. आतली सिस्टिम ओके आहे. फक्त स्पीकर गेलाय.”

क्रांतीने त्याला आणि भागोजी काकांना वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या तपासणीला मुद्दाम हजर ठेवलं. बाईंनी विचारलं, “तुमचं नाव सोनूबाई का?” आप्पा म्हणाले, “व्हय.” “म्हैस उडते का?” “व्हय.” बाईंनी कागदावर खूण केली. निकेश म्हणाला, “आप्पा मस्करी करतायत.” भागोजी काकांना मात्र ती म्हैस फार आवडली. दुसऱ्याच दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन एकटे आले आणि आप्पांच्या कानाशी म्हणाले, “पालखी आदी खालच्या आलीला ना, दादा?”

“व्हय.”

संध्याकाळी निकेश आला. त्याने त्याच एका शब्दावर पालखी वरच्या आळीला नेली, आणि पुरावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला. मग रीघच लागली. कुणी हळदीला डीजे मागून गेला, कुणी शेजाऱ्याची भिंत एक हात मागे सारून गेला. आप्पा कुणालाच नाराज करेनात. एवढा समंजस पंच गावाला आजवर मिळाला नव्हता.

क्रांतीची आई सोनूबाई तेवढी काही मागत नसे. ती खाटेच्या डाव्या अंगाला बसून नवऱ्याचा हात हातात घ्यायची आणि “पेज देऊ का भात?” असं विचारून बरोबर हवं ते आणायची. क्रांतीला वाटे, आई अंदाजाने करते.

माघात आप्पांच्या श्वासनलिकेत पेज गेली आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. नाकातून नळी घालून इथेच ठेवायचं की घरी न्यायचं, ते ठरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. खाटेच्या पलीकडे आई बसली होती. क्रांतीने आप्पांचा हात धरला आणि वाकून विचारलं, “आप्पा, घरी जायचं ना? नळी नको ना?”

“व्हय.”

घरी ते नऊ दिवस होते.

दहाव्याचे विधी आटोपून माणसं मांडवात टेकली आणि चहाबरोबर पालखी निघाली. भागोजी काकांनी शपथ घेतली. निकेशने मोबाइल काढून आवाज मोठा केला. “व्हय,” आप्पा मोबाइलमधून म्हणाले, आणि मांडवातल्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीने माना डोलावल्या.

सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. “त्यानी तुमाला दोगानाबी न्हाय सांगितला व्हता.”

“काकी, ऐकाय येतंय की चक्क,” निकेश म्हणाला.

“तोंडाकरं काय बगतस? हाताकरं बग. डाव्या. नको असला का तो हात खाली दाबायचे. उघारीची फली दाबतान तसा.”

व्हिडिओ पुन्हा लावला. आप्पा “व्हय” म्हणत होते आणि खालच्या कोपऱ्यात त्यांचा डावा हात गोधडी दाबत होता. एकदा. मग पुन्हा, जोर लावून.

भागोजी काका सगळ्यात आधी सावरले. “मंजे वरच्या आलीला न्हाय. ता तर आता दिसलाच.”

“तुमचा व्हिडिओ कुठाय, काका?” निकेशने विचारलं.

तासाभराने तोडगा निघाला. पालखीचं पुढे बघू. तोवर दोन्ही आळींत आप्पांच्या फोटोचे फ्लेक्स लागावेत आणि दोन्हींवर ‘आप्पांच्या संमतीने’ असं लिहावं.

क्रांती स्वयंपाकघरात आली. आई सुपात तांदूळ निवडत होती. क्रांती तिच्यासमोर बसली. दवाखान्यात आपण खाटेच्या उजव्या अंगाला होतो, हे तिला मघाशी मांडवात आठवलं होतं. तिने धरला होता तो हात उजवा. तीन पुस्तकं वाचून, चर कुठे ओलांडतात ते गावभर शिकवून, तिने निर्णयाच्या वेळी मेलेला हात धरला होता. आणि प्रश्न विचारला होता तो भागोजी काकांच्याच चालीवर, शेवटी ‘ना’ लावून.

“आये,” ती म्हणाली, “नळीचं विचारलं तेव्हा डावा हात तुझ्याकडे होता.”

“व्हता.”

“दाबला का त्यांनी?”

सोनूबाईने एक खडा शोधून बाजूला टाकला. “न्हाय दाबला. गप व्हता.”

“म्हणजे घरी आणलं ते त्यांच्या मनासारखं झालं?”

“व्हय,” आई म्हणाली.

आईचा डावा हात सुपाच्या आड, मांडीवर होता. बघायला नजर तेवढी खाली आणावी लागली असती. क्रांती आईच्या तोंडाकडेच बघत राहिली.