पाण्यावर जळणारा दिवा

तळमजल्यावरच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. निवृत्त मास्तर, औषधवाले, दातांची डॉक्टरीण, सगळे माना उंचावून एका टेबलाकडे बघत होते. टेबलावर काचेची पेटी, पेटीत नळाचं पाणी आणि वर जळणारा पिवळा बल्ब. ना तेल, ना कोळसा, ना बॅटरी.

"प्रत्येक थेंबाला स्मृती असते," यंत्राचा जनक सांगत होता. मी त्याला पाणीबुवा म्हणते. "मी पाण्याला फक्त जागं करतो. बाकी क्वांटम करतं."

क्वांटम म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून टाळ्या जास्त पडल्या.

पहिल्या खुर्चीत माझा मुलगा. धंदा एंजल इन्व्हेस्टरचा. "म्हणजे देवदूत, आई. स्वच्छ विजेच्या कंपन्या रांगत्या असतात, बँका दारात उभं करत नाहीत, तेव्हा मी पैसा घालतो." वारा, ऊन, शेण, समुद्राची लाट, बारा वर्षांत अकरा कंपन्या झाल्या. दहा बुडाल्या. एक जगली, तर तिच्यातला वाटा ह्याने घाईने विकलेला. देवदूताच्या चपला झिजल्या. आज राहतं घर गहाण टाकून तो सही करणार होता, आणि त्याची पडली की मागच्या सगळ्यांची पडणार होती. साहेबांनी पैसे घातले म्हणजे खात्रीचं, असा सगळ्यांचा हिशेब!

सुनेने माझा हात घट्ट धरला. "आई, घर गेलं तर पोरींना घेऊन कुठे जायचं?"

इतक्यात बाहेर लिफ्ट धडधडली. छतावरचे दिवे क्षणभर मंदावले. पाणीबुवाचा बल्बही मंदावला.

मी चौथी नापास. पण बत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवून हा पोरगा वाढवलाय. गिरणीचं बटण दाबलं की गल्लीतले दिवे डोळा मिचकावायचे आणि शेजारीण ओरडायची, "आलीस का माझी वीज खायला!" जड मोटर सुरू होताना ओढ घेते, त्याच लाइनीवरचे दिवे मंदावतात. पाण्यावरच्या दिव्याला काय झालं?

मी उठले. "अहो शास्त्रज्ञ, तुमचं पाणी लिफ्टला घाबरतं का?"

"आजी, बसा. शंकेने कंपनं बिघडतात."

"बिघडू देत. सूनबाई, दाराबाहेर मीटरची पेटी आहे. मेन स्विच पाड."

"हात लावू नका!" पाणीबुवा किंचाळला. "पाणी मरेल!"

खटका पडला. पंखा थांबला, छतावरचे दिवे गेले आणि भरदुपारी तो बल्बही विझला.

टेबल जमिनीला बोल्टने जखडलेलं होतं, म्हणे कंपनं टाळायला. मास्तरांनी बोल्ट सोडवून ते कलतं केलं. पोकळ पायातून तार खाली फरशीत आणि फरशीखालून भिंतीतल्या बोर्डात गेलेली.

"सुरुवातीला थोडा आधार द्यावाच लागतो," पाणीबुवा पुटपुटला.

"पांगळ्याला खांद्यावर घेऊन पळायचं आणि बक्षीस त्याच्या नावावर मागायचं, असला आधार?"

मुलगा मात्र माझ्यावरच उखडला. "तू कशाला आलीस, आई? मला दिसलं होतं. तिसऱ्या भेटीतच बल्ब मंदावला होता."

"मग?"

"दहा बुडाल्या गं. ही तरी खरी निघायला हवी होती."

तो उठला आणि सगळ्यांकडे वळला. "मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका. मला कळत होतं आणि मी गप्प बसलो." आवाज असा, की जणू गुन्हा यानेच केला.

तरी औषधवाले म्हणालेच, "स्विच पुन्हा लावून बघा की! एव्हाना पाणी जागं झालं असेल."

स्वच्छ वीज हवीच आहे, आणि ती करणारी खरी माणसंही आहेत. ती टेबल हलवू देतात, विचारलं तर चिडत नाहीत. पण गरज गळ्याशी आली की डोळे आपणच मिटून घेतो, बुवाला फार काही करावं लागत नाही. म्हणून सही करायला निघाल तेव्हा, तो चमत्कार खरा निघावा अशी ज्याला मुळीच गरज नाही, असं एखादं माणूस बरोबर न्या. आणि त्याने प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नका.